वाळूच्या पेटीतली बाई

१

वसुधा राजाध्यक्षला आपल्या वाळूच्या पेटीचा अभिमान होता आणि तो झाकून ठेवावा असं तिला कधी वाटलं नाही. मुलांसाठी चालवलेल्या तिच्या केंद्रात कोणी पाहुणा आला की ती त्याला आधी पेटी दाखवायची, मग चहाचं विचारायची.

पेटी सागवानी होती. दोन हात लांब, हातभर रुंद, चार बोटं खोल. आतून निळा रंग दिलेला, म्हणजे मुलाने वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसावं. वाळू खाडीची. ती वसुधाने स्वतः दहा पाण्यांनी धुतली होती, गच्चीवर वाळवली होती, मैद्याच्या चाळणीने चाळली होती. शेजारच्या फळ्यांवर खेळणी मांडलेली: लाकडी बैल, गाड्या, कौलारू घरं, झाडं, आणि शाडूची माणसं. माणसं सगळी तिच्या हातची. पोलीस, न्हावी, पोस्टमन, शाळामास्तर, पाच-सहा मुलं, अकरा बायका. कोणाच्या नाकावर रंग जरा जास्त लागलाय हेही तिला पाठ होतं.

शहरात, विलायतेहून शिकून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली तिने दोन वर्षं काढली होती. ज्या मुलाला तोंडाने सांगता येत नाही ते वाळूत सांगतं, हे तिने तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि १९५५ साली मुलुंडसारख्या ठिकाणी, महिला मंडळाच्या चार बायकांना पटवून, तिने ते एकटीच्या हिमतीवर सुरू केलं होतं. जागा होती डॉक्टर मार्तंड सुखटणकरांच्या बंगल्याची पुढची खोली. डॉक्टर आता प्रॅक्टिस करत नसत. ते मागच्या भागात राहत आणि मंडळाचे सल्लागार होते.

तिचा एकच नियम होता. मूल पेटीत काय करतंय ते विचारायचं नाही. "हे काय केलंस रे?" नाही, "छान झालं गं" नाही. खुर्चीत बसायचं आणि बघायचं. मूल गेलं की वहीत पेटीचं चित्र काढायचं, खेळणी जागेवर ठेवायची, फळीने वाळू सारखी करायची.

"म्हणजे तू बसून असतेस," तिचा नवरा विद्याधर चिडवायचा. तो सचिवालयात कारकून होता आणि बसून असण्यातलं त्याला बरंच कळत होतं.

"बसून नसते. लक्ष देऊन असते," ती म्हणायची. "एकदा तासभर कोणाकडे तसं बघा, मग कळेल."

२

प्रेमा आली ती आत्याचं बोट धरून. सात वर्षांची, सडपातळ, फ्रॉकला कोपरापर्यंत बाह्या. आत्या सुगंधा भांडुपला एका चाळीत भावाकडे राहायची. भाऊ धोंडू परब पूर्वी गिरणीत होता, आता तिकडच्याच एका कारखान्यात लागला होता.

"बाई, ह्या माझ्या भावाचा चेडू," सुगंधा दारातूनच म्हणाली. "गावाकडसून बोटीन इलव, आनि धक्क्यावर उतारल्यापासून ह्याच्या तोंडातसून शब्द नाय. सात म्हयने जाले. डाक्टरान घसो बघितलो. घसो बरो आसा म्हणता."

"बोटीवर काही झालं होतं का?"

"काय जाला तर माका माहीत नाय. माका बोट लागली, मी आडवी पडललंय. ह्या आपला कठड्याकडे बसान पाण्यात बघी होता."

पहिले तीन मंगळवार प्रेमाने काहीच केलं नाही. दोन्ही पंजे वाळूवर टेकवून ती उभी राहायची आणि तास संपला की हात झटकून जायची. आवाज म्हणून कसला करायची नाही. चालतानाही पाऊल आधी टोकाने टेकायची. खुर्ची ओढायची झाली तर उचलून ठेवायची. सात वर्षांच्या मुलीला इतकं निःशब्द राहता येतं हे वसुधाला नवीनच होतं.

चौथ्या मंगळवारी तिने घर बांधलं.

वसुधा श्वास आवरून बघत राहिली. मुलीने वाळू ओंजळीने ओढून चार भिंती केल्या, समोरच्या भिंतीत काडीने दोन खिडक्या कोरल्या, मध्ये दार ठेवलं, दारापुढे एकाखाली एक तीन चपटे खडे मांडले. डाव्या कोपऱ्यात बोटाने वाळू उकरून निळं वर्तुळ मोकळं केलं. दुसरं मूल एवढ्या वेळात तीनदा मोडून बांधतं. हिने एकदाच बांधलं, आणि ते उभं राहिलं.

संध्याकाळी वसुधाने विद्याधरला सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. "अहो, काय बांधलंय तिने! एक कण इकडचा तिकडे नाही. ही मुलगी बोलणार. मी लिहून देते तुम्हाला."

३

चित्र काढताना तिला पेटीच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात एक बाई दिसली होती. घराकडे तोंड करून उभी. प्रेमाने ती केव्हा ठेवली ते वसुधाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्याचीच तिला थोडी रुखरुख लागली. तासभर तिने पेटीवरून डोळे हलवले नव्हते.

वसुधा ती बाई फळीवर ठेवायला गेली तर अकराच्या अकरा बायका तिथे होत्या.

वसुधाने पुन्हा मोजल्या. अकरा. आणि ही हातातली बारावी.

शाडूची नव्हती ती. काळसर मातीची, बोटभर उंचीची, रंग न दिलेली. डोक्यावरून पदर घेतलेला. पदराखाली चेहरा नव्हता. तिथे अंगठा दाबल्यासारखा एक खळगा होता, बस्. खालून बैठक नव्हती, तरी टेबलावर ठेवली की ती उभी राहायची. आणि हाताला गार लागायची, माठाच्या बुडासारखी.

पुढच्या मंगळवारी तिने सुगंधाला विचारलं, "ही तुमच्या घरातली आहे का?"

सुगंधाने हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला. "आमच्यात असला काय नाय. माती ओली आसा, बाई. खय ठेवललास ही?"

"प्रेमानेच केली असेल मग," वसुधा म्हणाली. तिला तेच पटलं होतं. किंबहुना तिला त्याचा आनंदच झाला होता. तिने वहीत लिहिलं: मुलीने स्वतःच्या हाताने एक आकृती घडवून आणली. अत्यंत आशादायक.

ओली माती आठवड्याभरात वाळायला हवी होती, हे तिच्या मनात आलं. पण मुलुंडची हवा दमट, आणि फळी भिंतीला लागून. असेल.

४

बुधवारी लवू यायचा. नऊ वर्षांचा, शाळेत पोरांना बदडतो म्हणून हेडमास्तरांनी पाठवलेला. पेटीत तो फक्त लढाया करायचा. बैल पोलिसांवर, पोलीस न्हाव्यावर, शेवटी सगळ्यांवर वाळू. त्या बुधवारी त्याने लढाई केली नाही. त्याने घर बांधलं. चार भिंती, दोन खिडक्या, पुढे तीन खडे. आणि काळी बाई फळीवरून उचलून पलीकडे ठेवली. अगदी कोपऱ्यात नव्हे. कोपऱ्यापासून चार बोटं अलीकडे.

शुक्रवारी अनुपमा. वकिलांची मुलगी, अकरा वर्षांची, बोलताना अडखळणारी. ती नेहमी बाग करायची, झाडांच्या सरळ रांगा. तिने घर बांधलं आणि बाईला पेटीच्या मध्यावर आणलं, डाव्या हाताच्या निळ्या वर्तुळाजवळ.

मंगळवारी प्रेमाने ती वर्तुळाच्या अलीकडे आणली.

ही तीन मुलं एकमेकांना ओळखत नव्हती. वार वेगळे, शाळा वेगळ्या. प्रेमा तर शाळेतच जात नव्हती. वसुधा दर वेळी वाळू फळीने अशी सारखी करायची की वर मुंगी चालली तरी दिसावी. मग आधीच्या मुलाने सोडलेल्या जागेपासून पुढचं मूल सुरुवात कसं करत होतं?

आकार, तिने स्वतःला सांगितलं. वेगळ्या आकाराची वस्तू मुलांना खुणावते. घराजवळ न्यावीशी वाटते. डॉक्टरीणबाईंना पत्र लिहून विचारायला हवं.

पण पत्र न लिहिता तिने काळी बाई टेबलाच्या खणात टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली केसांच्या आकड्यात अडकवली.

बुधवारी लवूने फळ्यांकडे पाहिलं, काही विचारलं नाही. घर बांधलं. मग घराभोवती सगळे पोलीस मांडले, एका ओळीत, सगळे एकाच दिशेला तोंड केलेले. त्यांच्यासमोर, पायऱ्यांपासून चार बोटांवर, वाळू रिकामी होती. रिकामी म्हणजे तिथे एक खोलगट ठसा होता, काहीतरी जड उभं असावं तसा. वसुधा बघत होती. लवूचं बोट तिथे लागलं नव्हतं.

आयुष्यात पहिल्यांदा तिने नियम मोडला.

"लवू, इथे काय आहे रे?"

लवूने तिच्याकडे पाहिलं, मोठी माणसं काहीतरी बावळट विचारतात तेव्हा मुलं पाहतात तसं. "ती आहे ना."

"ती तर मी खणात ठेवली आहे."

"खणात बाहुली आहे," लवू म्हणाला. मग हात झटकून त्याने विचारलं, "बाई, आज लवकर जाऊ?"

५

रविवारी सकाळी विद्याधर आरेच्या केंद्रावरून दुधाच्या बाटल्या घेऊन आला तेव्हा वसुधा जमिनीवर वह्या पसरून बसली होती. सहा चित्रं, तारखेवार.

"बघा तरी," ती म्हणाली. "मला वाटतं मी काहीतरी चुकीचं बघतेय."

विद्याधरने बाटल्या खाली ठेवल्या, चष्मा पुसला आणि उकिडवा बसून एकेक चित्र पाहिलं. तो घाईने बोलणारा माणूस नव्हता.

"बाईचं मला कळत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण घर ओळखीचं आहे."

"कोणाचं घर?"

"अगं, कोणाचं काय? दोन खिडक्या. मध्ये दार. तीन पायऱ्या. डावीकडे विहीर." त्याने मान वर केली. "वसुधा, तू रोज जातेस तिथे."

ती पुन्हा चित्रांवर वाकली. बंगल्याचा पुढचा भाग तिने दोन वर्षं पाहिला होता आणि कागदावर सहा वेळा काढला होता. तो तिला ओळखू आला नव्हता.

"मुलांना तोच बंगला दिसतो, तोच बांधतात," विद्याधर म्हणाला. त्याचा सूर समजावणीचा होता, पण तो तिच्यापेक्षा स्वतःलाच समजावत असावा. "त्यात काही नाही. पण तू आठ दिवस बंद ठेव. तुला थकवा आलाय."

"मंगळवारी मंडळाच्या कमिटीतर्फे डॉक्टर बसणार आहेत, बघायला. कमिटीला शिवणाचा वर्ग काढायचाय त्या खोलीत. आत्ता बंद ठेवलं तर कायमचं बंद."

"मग होऊ दे बंद."

"आणि प्रेमा?"

विद्याधरने एक वही मिटली. मग म्हणाला, "तू तिच्यासाठी जातेयस की पेटीसाठी?"

हा प्रश्न वसुधाला झोंबला. दुपारी भांडी घासताना त्याचं उत्तर तिला सापडलं. पेटी गेली तर तिला रडू येईल. पण त्या मुलीला भिंती बांधताना पाहिलं होतं तिने. मूल एवढ्या ताकदीने काही बांधत असताना आपण खुर्ची सोडून उठायचं, हे तिला जमलंच नसतं.

सोमवारी ती केर काढायला केंद्रात गेली. पायऱ्यांवर वाळू होती. मुलांच्या कपड्यांतून सांडते, तिने झाडून टाकली. आत येऊन फळ्या पुसायला लागली तेव्हा मागे पायरीवर आवाज झाला. चर्र. वाळू दगडावर पायाखाली चिरडते तसा. एकदाच. ती वळली. भर अकराचं ऊन पायऱ्यांवर पडलं होतं आणि झाडलेल्या दगडावर पुन्हा चिमूटभर वाळू होती. ओली.

६

मंगळवारी तीन वाजता डॉक्टर सुखटणकर वर्तमानपत्र घेऊन व्हरांड्यात आले. आत बसू नका, मूल बिचकेल, असं वसुधाने बजावलं होतं. म्हणून त्यांनी दाराबाहेर वेताची खुर्ची टाकली, पाय लांब केले आणि पडदा बाजूला बांधून घेतला. सुगंधा बाहेर विहिरीच्या कट्ट्यावर बसली.

वसुधा नेहमीच्या जागी बसली, दाराकडे पाठ करून. समोर पेटी, पेटीच्या पलीकडे प्रेमा, आणि प्रेमाच्या मागे पुस्तकांचं काचेचं कपाट.

प्रेमाने घर बांधलं. या वेळी समोरची भिंत बांधलीच नाही. घर पुढून उघडं ठेवलं, आतलं दिसावं म्हणून. आत आगपेटीचं टेबल ठेवलं. टेबलाच्या एका बाजूला एक छोटी मुलगी. दुसऱ्या बाजूला, दाराकडे पाठ केलेली, एक बाई. शाडूची, निळ्या लुगड्याची. वसुधाने ती केली तेव्हा स्वतःच्याच निळ्या पातळावरून रंग घेतला होता.

मग प्रेमाने हात पुढे केला. तळवा वर.

वसुधाने केसातला आकडा काढला, खण उघडला आणि काळी बाई तिच्या हातावर ठेवली. अजून गार होती. अजून ओली.

प्रेमाने ती निळ्या बाईच्या मागे उभी केली. अगदी मागे. पदराला पदर लागेल इतकी.

आणि मान वर करून वसुधाच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

बाहेर इतका वेळ कावळा ओरडत होता, तो थांबला होता. केव्हा थांबला ते वसुधाला कळलं नाही. मानेवरच्या बारीक केसांना गारवा लागला, माठाचं झाकण काढल्यावर लागतो तसा. आणि खुर्चीच्या मागे, गुळगुळीत शहाबादी फरशीवर, अगदी हलकं: चर्र.

वळायचं, एवढंच तिच्या सगळ्या अंगाला कळत होतं. समोर काचेचं कपाट होतं, नुसती नजर उचलली तरी पुरलं असतं. तिने उचलली नाही. तिने प्रेमाकडे पाहिलं. मुलीचे ओठ पांढरे पडले होते, हनुवटी थरथरत होती, आणि तरी ती जागची हलली नव्हती. या क्षणी आपले डोळे हिच्यावरून निघाले तर ही एकटी पडेल, एवढं एकच वसुधाला स्पष्ट समजत होतं. ती बघत राहिली. लक्ष देऊन.

प्रेमाने बोट वाळूत घातलं. काळ्या बाईच्या पायाशी. तिथून रेघ ओढली. दारातून, तीन खड्यांवरून, वर्तुळाला वळसा घालून, पार कोपऱ्यापर्यंत. रुंद, निळी रेघ. वाट, किंवा पाणी. मग ती पेटीला वळसा घालून आली आणि वसुधाच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. दाराच्या बाजूला.

"जा," ती म्हणाली.

आवाज घोगरा होता, गंजलेल्या कडीसारखा. तिने घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाली, मोठ्याने, अगदी आत्याच्या ठसक्यात:

"जा म्हटलंय ना. माझ्या बाईंका हात लावचो नाय."

खोलीत काहीच हललं नाही. किती वेळ ते सांगता यायचं नाही. मग फरशीवर चर्र झालं, आणि परत, आणि ते दूर जात होतं.

तेव्हा वसुधाची नजर काचेकडे गेली. काचेत दार होतं, ऊन होतं, आणि व्हरांड्यातले डॉक्टरांचे लांब केलेले पाय. डॉक्टरांचं डोकं वर्तमानपत्रात होतं. वाचता वाचता, मान वर न करता, त्यांनी पाय आवरून घेतले. वाटेत बसलेला माणूस कोणाला तरी जायला जागा देतो तसे. आणि उंबऱ्यावरून काहीतरी काळसर, पदराच्या टोकाएवढं, ओढत गेलं. किंवा तो काचेवरचा डाग होता.

डॉक्टरांनी पाय पुन्हा लांब केले आणि पान उलटलं.

पेटीत निळ्या बाईच्या मागे एक खोल ठसा होता. त्यात काही नव्हतं.

७

सुगंधा कट्ट्यावरून धावत आली. तिने आवाज ऐकला होता. ती दारातच बसली आणि प्रेमाला पोटाशी धरून रडायला लागली. प्रेमा तिला म्हणत होती, "आत्ये, गप. आत्ये, माका भूक लागली." प्रत्येक शब्दाला सुगंधा नव्याने रडत होती.

डॉक्टर सुखटणकर उठून आत आले. चष्मा काढून त्यांनी पेटीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं.

"आठ महिने?" त्यांनी विचारलं.

"आठ महिने आणि अकरा दिवस," वसुधा म्हणाली. ती टेबलाला धरून उभी होती.

"वसुधाबाई, मी चाळीस वर्षं औषधं दिली. असं कधी पाहिलं नाही." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "शिवणाच्या वर्गाला मागची खोली देऊ. ही तुमची. कमिटीला मी सांगतो. तुमच्या पद्धतीचा हा विजय आहे."

एका महिन्यापूर्वी हेच शब्द ऐकायला वसुधाने काय वाटेल ते केलं असतं. आता ते ऐकताना तिची मान ताठ झाली खरी, पण वेगळ्याच कारणाने.

"माझ्या पद्धतीचा नाही, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "तिचा आहे. मी नुसती बसले होते. उभी ती राहिली."

मग न राहवून तिने विचारलं, "आत्ता तुमच्या समोरून कोणी गेलं का?"

"माझ्या समोरून? नाही बुवा," डॉक्टर म्हणाले. ते अगदी मनापासून बोलत होते.

त्या संध्याकाळी तिने विद्याधरला सगळं सांगितलं. तो हसला नाही, त्याने समजावलंही नाही. दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून तो नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या मंगळवारी मी रजा टाकून येऊ?"

"नको. तुम्ही आलात तर ती बिचकेल," वसुधा म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण म्हणालात, बरं वाटलं."

बुधवारी लवूने पोलिसांची आणि बैलांची लढाई केली. शुक्रवारी अनुपमाने झाडं लावली. घर कोणीच बांधलं नाही.

८

पुढच्या मंगळवारी प्रेमा आली ती रस्त्यापासून बोलत. भांडुपच्या चाळीत कोणाच्या मांजराला पिल्लं झाली, आई सुलक्षणा कशी दिवसभर तिलाच बोलायला लावते, बाबांनी पेढे वाटले. बोलत बोलतच तिने पेटीत नदी केली, नदीत होड्या सोडल्या. वसुधा खुर्चीत बसून ऐकत होती. तिची छाती अभिमानाने इतकी भरून आली होती की तिने नियम दुसऱ्यांदा मोडला.

"प्रेमा, ती कोण होती गं?"

"माका काय माहीत?" प्रेमा होडी सरळ करत म्हणाली. "बोटीवर होती. पाण्यात. मी तिका हाक मारलंय, कोण गो तू म्हणान. मगे ती मागसून इली."

"मग तू बोलायची का थांबलीस?"

"बोलला की तिका कळता कोण खय आसा ता." हे तिने इतक्या सहज सांगितलं की वसुधाला ते आधी नीट कळलंच नाही. "माका शोधी होती. मी गप रवलंय, म्हणान तिका सापडाक नाय. मगे ती तुमच्याकडे इली. तुम्ही सगळ्यांवांगडा बोलतास ना."

वसुधाने वही मिटली. आठ महिने आणि अकरा दिवस ही सात वर्षांची मुलगी पाऊलसुद्धा वाजू न देता जगली होती. कुठल्या पद्धतीने तिला बोलतं केलं नव्हतं. आपण बोललो तर काय होईल हे पुरतं माहीत असून ती बोलली होती.

"म्हणजे आता तिला कळलंय," वसुधा हळू म्हणाली. "तू कुठे आहेस ते."

प्रेमाने मान हलवली. "होय."

त्याच वेळी बाहेर पायरीवर वाजलं. चर्र.

प्रेमाचा हात होडीवर थांबला. वसुधाच्या डोळ्यांदेखत ती मिटायला लागली. खांदे आत गेले, ओठ घट्ट झाले, टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. एका आठवड्याचे सगळे शब्द त्या चेहऱ्यावरून ओसरत चालले होते. दुसऱ्या पायरीवर वाजलं.

वसुधा उठली. दोन वर्षांत मूल पेटीशी असताना ती कधी खुर्चीवरून उठली नव्हती. तिने प्रेमाचा हात धरला, वाळूने भरलेला, आणि तिला घेऊन दारात गेली. पडदा सर्रकन सारला. पायऱ्यांवर दुपारचं ऊन होतं. दुसरं काही दिसत नव्हतं. मधली पायरी ओली होती.

"मी वसुधा राजाध्यक्ष," ती म्हणाली. आवाज कापला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, शाळेत हजेरी देतात तसं, खणखणीत. "मी वसुधा राजाध्यक्ष. हे माझं केंद्र आहे. मी रोज इथे असते, आणि ही मुलगी माझ्याबरोबर आहे. जे काय असेल ते मला विचारायचं."

रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला वळून बघायला लागला. डॉक्टरांनी मागच्या खोलीतून "काय झालं?" म्हणून हाक दिली. तिला कशाचीच लाज वाटली नाही.

ओल्या पायरीवर काही हललं नाही. जे होतं ते थांबलं होतं, ऐकत होतं. वसुधाच्या पंजातल्या छोट्या हाताने तिची बोटं उलट करकचून धरली.

"आनि मी प्रेमा!" शेजारून आवाज आला, तिच्याहीपेक्षा वरच्या पट्टीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "प्रेमा धोंडू परब! भांडुप!"